रेडिओ आता ऐकतोही. मग आपण गप्प का?

रेडिओ म्हणजे बोलणारी पेटी, असे आपल्या घराघरांत आजवर समजले जात होते. पेटीने बोलायचे आणि आपण ऐकायचे. सकाळी बातम्या, दुपारी महिलांचा कार्यक्रम, संध्याकाळी बाजारभाव आणि पावसाचा अंदाज, रात्री श्रुतिका. त्या पेटीला काही विचारायचे असले तर पोस्टकार्ड हा एकच मार्ग होता. आता ती पेटी मोबाईलमध्ये शिरली आहे. ज्या यंत्रावर रेडिओ ऐकू येतो, त्याच यंत्रातून रेडिओशी बोलताही येते. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, यूट्यूब यांना आपण समाजमाध्यमे म्हणतो. त्यांचा उपयोग करून लहानमोठी रेडिओ केंद्रे श्रोत्यांचे म्हणणे मागवू लागली आहेत.

वरवर पाहिले तर हा यंत्रातला बदल वाटेल. परंतु ज्या माणसांचे म्हणणे ऐकून घ्यायला पिढ्यान्‌पिढ्या कोणी तयार नव्हते, त्यांच्या दृष्टीने हा बदल फार मोलाचा आहे. त्याचा लाभ आपण घेतो का? त्यातले धोके आपल्याला ठाऊक आहेत का? या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

बुलडाणा जिल्ह्याच्या वाचकांना तर हा विषय अगदी जवळचा वाटावा. तेरा तालुक्यांचा हा जिल्हा, काही घाटावर, काही घाटाखाली. पश्चिमेला जळगाव, पूर्वेला अकोला आणि नैऋत्येला छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. या तिन्ही शहरांत आकाशवाणीची केंद्रे आहेत. गाव कोणत्या बाजूला आणि किती उंचावर आहे, त्यावर कोणते केंद्र स्वच्छ लागणार ते ठरायचे. मलकापूर-नांदुऱ्याकडचा माणूस जळगावकडे कान लावणार, शेगाव-खामगावकडचा अकोल्याकडे, देऊळगाव राजाचा मराठवाड्याकडे. म्हणजे रेडिओ ऐकणारा जिल्हा एक, पण बोलणारे गाव नेहमी दुसरेच. अशा जिल्ह्यातील माणसाला, आपल्या गावचा प्रश्न रेडिओवर कधी येणार, असे वाटले तर त्यात नवल नाही.

पोस्टकार्डाचे दिवस

श्रोत्यांचे ऐकण्याची रीत काही आजची नाही. मुंबई आकाशवाणीवरील ‘कामगार सभा’ गिरणगावातील चाळीचाळींतून ऐकली जात असे. ‘आपली आवड’मध्ये गाणे लागण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावे आणि गावे वाचली जात. एका गाण्यासाठी वीस-पंचवीस नावे! त्यात आपल्या वस्तीतले एखादे नाव आले तर ती बातमी दोन दिवस वस्तीत फिरायची. गाणे तर सर्वांसाठीच लागे. आनंद होता तो आपले नाव आकाशातून ऐकू आल्याचा.

याहून महत्त्वाचा प्रयोग १९५६ साली पुणे आकाशवाणीने केला. युनेस्को या जागतिक संस्थेच्या मदतीने पश्चिम महाराष्ट्राच्या काही जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांतून श्रोतृमंडळे स्थापन झाली. गावातील पंधरा-वीस माणसे आठवड्यातून दोनदा एकत्र जमत. शेतीवरचा आणि गावसुधारणेचा कार्यक्रम ऐकत. रेडिओ बंद झाला म्हणजे खरे काम सुरू होई. ऐकलेल्या गोष्टीवर चर्चा व्हायची, आपल्या गावात हे जमेल का ते पाहिले जायचे, अडचणी आणि प्रश्न लिहून पुण्याला पाठविले जायचे. त्या प्रश्नांना पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरे मिळत. पॉल न्यूराथ नावाच्या समाजशास्त्रज्ञाने या मंडळांचा अभ्यास केला. नुसता रेडिओ ऐकणाऱ्या गावांपेक्षा एकत्र बसून चर्चा करणाऱ्या गावांना कितीतरी अधिक माहिती झाली, असे त्यात आढळले. हा प्रयोग पुढे जगातील अनेक देशांत नावाजला गेला.

यातून घ्यायचा धडा साधा आहे. रेडिओचा उपयोग होतो तो यंत्राच्या ताकदीमुळे नव्हे, तर ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येतो म्हणून. पोस्टकार्ड असो की व्हॉट्सअ‍ॅप, त्याच्या मागे ऐकणारा कान हवा आणि विचारणारे तोंडही हवे.

आकाश कोणाच्या मालकीचे?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना रेडिओचे महत्त्व पुरते ठाऊक होते. व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद असताना, ९ नोव्हेंबर १९४२ रोजी त्यांनी मुंबई रेडिओ केंद्रावरून भाषण केले. महायुद्धाकडे हिंदी कामगार कोणत्या दृष्टीने पाहतो, हा त्याचा विषय होता. पुढे ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरूनच त्यांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे तर बुद्धाच्या शिकवणुकीतून घेतली, हे त्यांनी त्या भाषणात सर्व देशाला ऐकविले.

परंतु ज्या कामगारांच्या वतीने बाबासाहेब बोलले, त्या कामगाराला, त्याच्या बायकोला, शेतमजुराला स्वतःच्या तोंडाने रेडिओवर बोलण्याची संधी क्वचितच मिळे. रेडिओ सरकारचा होता. तिथे कोणी बोलायचे ते साहेब लोक ठरवीत. बोलीभाषेला तर ‘अशुद्ध’ म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबावे लागे.

ही स्थिती बदलण्याला कायद्याचा आधार मिळाला तो ९ फेब्रुवारी १९९५ रोजी. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निर्णय दिला. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून निघालेला तो खटला होता. पण निकालाने आकाशाचा सातबारा जनतेच्या नावावर केला, असे म्हटले तरी चालेल. मुख्य निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती पी. बी. सावंत हे आपल्या महाराष्ट्राचेच. त्यानंतर आधी शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही लहान रेडिओ केंद्र चालविण्याची परवानगी मिळू लागली. यालाच सामुदायिक रेडिओ म्हणतात. याची ताकद थोडी, आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत जातो. नफ्यासाठी ते चालविता येत नाही. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा देता येतात. मात्र पाणी केव्हा येणार, दवाखान्यात लस कोणत्या दिवशी मिळणार, परीक्षेचा अर्ज कधी भरायचा, ही गावाच्या उपयोगाची माहिती देता येते आणि गावच्याच माणसांना बोलते करता येते.

याचे आपल्याला अभिमान वाटावा असे उदाहरण शेजारच्या तेलंगणात आहे. झहीराबादजवळच्या माचनूर या गावी १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संगम रेडिओ’ सुरू झाला. तो चालविणाऱ्या दलित, कष्टकरी बायका. त्यांतील दोघींचे नाव नरसम्मा. तेव्हा ओळखता यावे म्हणून एक ‘जनरल’ नरसम्मा आणि दुसरी अल्गोले नरसम्मा. परवाना मिळण्याआधी कित्येक वर्षे या बायका कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून ठेवीत आणि गावागावांतून महिलांच्या बैठकीत ऐकवीत. विषय कोणते? बी-बियाणे, ज्वारी-बाजरी, झाडपाल्याची औषधे, मजुरी, सणवार, जुनी गाणी. भाषा शेतात बोलतात ती. दिल्ली-हैदराबादचा निवेदक जे कधी बोलला नसता ते या बायका बोलल्या.

आपल्या महाराष्ट्रात सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवड येथे ‘माणदेशी तरंग’ हे केंद्र २००८ पासून चालते. चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाऊंडेशनचे ते केंद्र. तेथे केराबाई सरगर या कष्टकरी बाई ओव्या गात निवेदिका झाल्या. शाळेचे प्रमाणपत्र ज्यांच्याजवळ नाही, पण सांगण्यासारखे पुष्कळ आहे, अशी माणसे आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांना माईकपुढे बसविणारे कोणी हवे.

व्हॉट्सअ‍ॅपचा उपयोग कसा होतो?

आता समाजमाध्यमांकडे वळू. लहान केंद्र श्रोत्यांशी बोलणे कसे चालू ठेवते, हे समजून घेतले म्हणजे आपल्यालाही त्यात शिरता येईल.

पहिली पायरी म्हणजे एक ठरलेला व्हॉट्सअ‍ॅप नंबर. निवेदक आदल्या दिवशी विषय सांगतो. समजा, कपाशीवरची बोंडअळी, बाळंतपणानंतरचा अशक्तपणा, किंवा रेशनकार्डावर नाव चढविणे. श्रोते आपला प्रश्न लिहून किंवा आवाजात बोलून पाठवितात. लिहिता न येणाऱ्या माणसासाठी आवाजाचा निरोप हे तर वरदानच आहे. बटन दाबून धरायचे आणि बोलायचे. अक्षराची लाज नाही, शुद्धलेखनाची भीती नाही.

दुसरी पायरी केंद्रातली. आलेले निरोप कोणीतरी कार्यकर्ता बसून एकेक ऐकतो. सारखे प्रश्न एकत्र करतो. नाव-गाव विचारून घेतो. मग ते प्रश्न घेऊन डॉक्टरांकडे, कृषी अधिकाऱ्याकडे किंवा तहसील कचेरीत जातो आणि उत्तर मुद्रित करून आणतो. कार्यक्रमात आधी श्रोत्याचा आवाज आणि मागोमाग जाणकाराचे उत्तर लागते.

तिसरी पायरी कार्यक्रम झाल्यावरची. तोच भाग व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर किंवा यूट्यूबवर टाकला जातो. ज्याची त्या वेळी पाळी होती, जी बाई रोजंदारीवर होती, तिला तो रात्री ऐकता येतो. ऐकून पुन्हा नवे प्रश्न येतात. पूर्वी जे काम पोस्टकार्डाने पंधरा दिवसांत व्हायचे ते आता एका दिवसात होते.

आकाशवाणीनेही ही वाट धरली आहे. पुण्याच्या प्रादेशिक बातम्या यूट्यूबवर ऐकता येतात. ‘न्यूज ऑन एअर’ या मोबाईलवरील सोयीमुळे आकाशवाणीच्या दोनशेहून अधिक वाहिन्या जगात कोठेही लागतात. बुलडाणा जिल्ह्यातून कामासाठी पुण्याला, सुरतला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या माणसाला विदर्भ-खानदेशाची बोली तिथे कानावर पडली तर किती बरे वाटेल! पूर्वी जिल्ह्याची हद्द ओलांडली की केंद्र खरखर करून बंद पडायचे. आता तसे होत नाही.

आपल्या विदर्भातला एक प्रयोग येथे मुद्दाम सांगितला पाहिजे. २०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीत शाळा बंद पडल्या. ज्यांच्या घरी मोठा मोबाईल आणि इंटरनेट होते त्यांची मुले कशीबशी शिकत होती. मजुरांच्या मुलांचे काय? त्या वेळी नागपूर विभागात प्रशासन आणि ‘प्रथम’ या संस्थेने ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम नागपूर आकाशवाणीवरून सुरू केला. कार्यक्रम केव्हा लागणार आणि त्यात कोणता खेळ, कोणती कृती आहे, याचा निरोप मोबाईलवरून पालकांपर्यंत जाई. मूल रेडिओ ऐके, घरातल्याच वस्तू घेऊन ती कृती करी. कार्यक्रमात मुलांचे आणि पालकांचे आवाजही येत. रेडिओने गावभर पोहोचायचे आणि मोबाईलने घरचे उत्तर परत आणायचे, अशी ही वाटणी होती. अडचणीच्या काळात दोन्ही साधने एकमेकांना कशी पूरक ठरतात, हे त्यातून दिसले.

आणि ज्यांच्याजवळ साधाच बटनाचा फोन आहे त्यांचे काय? त्यांच्यासाठीही वाट आहे. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये छत्तीसगडच्या आदिवासी भागात ‘सीजीनेट स्वर’ हा उपक्रम सुरू केला. माणसाने एका नंबरला मिस्ड कॉल द्यायचा, तिकडून उलट फोन येतो, मग आपली तक्रार किंवा गाणे गोंडीत, हिंदीत बोलायचे. निवेदन तपासले जाते आणि इतरांना ऐकण्यासाठी ठेवले जाते. हातपंप बंद आहे, मजुरी मिळाली नाही, शाळेत मास्तर येत नाहीत, असे निरोप त्यातून अधिकाऱ्यांपर्यंत गेले आणि पुष्कळ ठिकाणी कामेही झाली. फोन करणाऱ्याच्या खिशाला एका पैशाचीही तोशीस नाही!

अफवेचा वणवा

येथवर फायद्याची बाजू झाली. पण ज्या व्हॉट्सअ‍ॅपवरून ज्ञान येते त्याच वाटेने विषही येते, हे विसरून चालणार नाही.

१ जुलै २०१८ हा दिवस महाराष्ट्राला काळिमा फासणारा ठरला. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी आठवडी बाजार भरला होता. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाईलवरून त्या भागात पसरली होती. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे होते. जमावाने त्यांना पकडले, कोंडले आणि ठार मारले. त्यांचा गुन्हा काय? ते परके होते, गरीब होते आणि भटके होते. अफवेचा बळी नेहमी ज्याच्यामागे कोणी नाही तोच ठरतो. म्हणून अफवेचा प्रश्न हा आपल्यासारख्यांच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे. त्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, असे बंधन घातले. पण कंपनीच्या बंधनाने माणसाचा विवेक जागा होत नाही.

बुलडाणा जिल्ह्यानेही याची झळ सोसली आहे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागले. सारा देश त्या गावांची छायाचित्रे मोबाईलवर पाहू लागला. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी शाम्पूला, कोणी आणखी कशाला. गावाचे नाव सांगितले की लोक अंग चोरू लागले, सोयरिकींवरही सावट आले. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक आले, नमुने घेतले गेले. विंचूदंशावरील संशोधनासाठी प्रसिद्ध असलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीतून, तेथे खाण्यात आलेल्या गव्हात सेलेनियम या द्रव्याचे प्रमाण फार जास्त असल्याचे २०२५ मध्ये मांडले. परंतु छायाचित्र जेवढ्या वेगाने पसरले तेवढ्या वेगाने ही माहिती पसरली का? हाच प्रश्न आहे.

लोणारचेही तेच. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. त्याची चित्रे जगभर गेली. चमत्कार, कोप, संकेत असे वाटेल ते लोक एकमेकांना पाठवू लागले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. खारटपणा वाढल्यामुळे मिठात वाढणारे सूक्ष्म जीव बळावले आणि त्यांच्या रंगाने पाणी गुलाबी दिसले, असे स्पष्टीकरण मिळाले. चमत्कार काही नव्हता, विज्ञान होते.

अशा वेळी जवळच्या रेडिओ केंद्राचे काम काय? व्हॉट्सअ‍ॅपवर लोक काय विचारत आहेत, कशाला घाबरत आहेत, ते आधी नीट ऐकायचे. मग त्याच दिवशी डॉक्टरांना, शास्त्रज्ञांना, आरोग्य अधिकाऱ्यांना माईकपुढे आणायचे आणि श्रोत्यांचे प्रश्न त्यांच्याच आवाजात त्यांच्यापुढे ठेवायचे. ‘अजून तपास चालू आहे’ हेही उत्तरच आहे. तेही प्रामाणिकपणे सांगायचे. समाजमाध्यम भीती कुठे आहे ते दाखविते, रेडिओने त्या भीतीला उत्तर द्यायचे. केंद्राने नुसते गटावरचे निरोप वाचून दाखविले तर तेही अफवेचे भोंगेच ठरेल.

कोणाचा आवाज राहून जातो?

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे. फेसबुकवर किती अंगठे उठले यावरून श्रोते मोजण्याची घाई काही ठिकाणी दिसते. अंगठे मोजणे म्हणजे श्रोते मोजणे नव्हे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींजवळच स्वतः वापरायचा मोबाईल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया शंभरात ३३, तर पुरुष ५७. म्हणजे केंद्राने फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरच प्रश्न मागविले तर घरातला मुलगा बोलणार, आई गप्प राहणार. शिकलेला बोलणार, निंदणाऱ्या हाताचा आवाज जाणार नाही.

घरात मोबाईल एक, आणि तो कर्त्या पुरुषाच्या खिशात. तो कामावरून येईपर्यंत कार्यक्रम संपलेला. आल्यावर त्याने बातम्या पाहायच्या की मायबाईने रेडिओला प्रश्न विचारायचा? आपल्या घरांतून तरी या प्रश्नाचे उत्तर समतेचे असायला हवे. रोज अर्धा तास तो फोन घरातल्या बाईच्या हाती द्यावा, हे फार मोठे मागणे नाही.

खर्चाचाही विचार आहे. रेडिओ एफएमवर ऐकला तर पैसा लागत नाही. इंटरनेटवरून ऐकला तर लागतो. हल्लीच्या अनेक मोबाईलमध्ये एफएमची सोयच बंद असते. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने मोबाईल बनविणाऱ्यांना ही सोय चालू ठेवण्याची सूचना केली. तेव्हा नवा मोबाईल घेताना दुकानदाराला ‘एफएम लागतो का?’ एवढे जरूर विचारावे.

म्हणून चांगले केंद्र व्हॉट्सअ‍ॅपबरोबर साधा फोनही ठेवते, पत्रेही वाचते आणि माईक घेऊन वस्तीवरही जाते. आणि कोणी श्रोत्याच्या जातीवरून, बोलीवरून किंवा बाई असण्यावरून पानावर टवाळी केली तर ती तत्काळ पुसून टाकते. जिथे अपमान होतो तिथे माणूस दुसऱ्यांदा बोलत नाही.

आपण काय करू शकतो?

केंद्रांनी काय करावे हे सांगणे सोपे आहे. आपल्या हातचे काय, ते पाहू.

एक, श्रोतृमंडळ काढा. १९५६ चा प्रयोग आजही करता येतो. समाजमंदिरात, विहाराच्या ओट्यावर किंवा बचत गटाच्या बैठकीत आठवड्यातून एकदा एक कार्यक्रम एकत्र ऐका. एका मोबाईलला छोटा स्पीकर जोडला की तीस माणसे ऐकू शकतात. नंतर पंधरा मिनिटे चर्चा करा. बैठकीतून एक प्रश्न केंद्राला पाठविलाच पाहिजे, असा नियम ठेवा. आळीपाळीने प्रत्येकाने विचारावे, पहिली पाळी बायकांची.

दोन, आवाजाचा निरोप नीट पाठवा. पंखा आणि टीव्ही बंद करा. आधी नाव व गाव सांगा. एका वेळी एकच प्रश्न विचारा. एका मिनिटात आटोपा. बोली आपली असेल तीच राहू द्या. वऱ्हाडी माणसाने रेडिओसाठी पुणेरी होण्याचे कारण नाही.

तीन, खाजगी गोष्टी जपा. आधार क्रमांक, बँकेचा क्रमांक, मोबाईलवर येणारा गुप्त आकडा कोणत्याही गटावर टाकू नका. कोणतेही रेडिओ केंद्र ते मागत नाही. मागितले तर समजा की तो भामटा आहे. आजाराचा किंवा घरातल्या त्रासाचा प्रश्न असेल तर ‘नाव सांगू नये’ असे आधीच कळवा.

चार, पुढे पाठविण्याआधी थांबा. हा निरोप मूळ कोणाचा? तारीख कोणती? ठिकाण कोणते? या तीन प्रश्नांची उत्तरे नसतील तर तो निरोप आपल्या मोबाईलमध्येच मरू द्या. शंका असेल तर तोच निरोप केंद्राला पाठवून ‘हे खरे आहे काय?’ असे विचारा. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण आपण विहारात ऐकतो. ती मोबाईल हातात असतानाही पाळायची आहे.

पाच, वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे आवाज साठवा. भीमगीते आणि जात्यावरची गाणी म्हणणाऱ्या आज्या, गिरणीत राबलेले आजोबा, दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडलेल्या मावश्या. त्यांना बोलते करण्याचे काम नातवंडांनी सुट्टीत करावे. त्यांची परवानगी घेऊन ते आवाज केंद्राकडे पाठवावेत. मुलांना मोबाईलचा याहून चांगला उपयोग कोणता शिकविणार?

सहा, मोठे पाऊल. निदान तीन वर्षे नोंदणी झालेली, नफा न कमावणारी संस्था सामुदायिक रेडिओसाठी केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज करू शकते. एकट्या व्यक्तीला किंवा राजकीय पक्षाला तो परवाना मिळत नाही. आपल्या समाजात शिक्षणसंस्था आहेत, महिला मंडळे आहेत, सेवानिवृत्त शिक्षक आणि अभियंते आहेत. खर्च आहे, कष्ट आहेत, रोज कार्यक्रम देण्याची जबाबदारी आहे. पण माचनूरच्या बायकांनी परवान्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहिली आणि शेवटी केंद्र चालवून दाखविले. त्यांच्याजवळ पैसा नव्हता, पदवी नव्हती. सांगण्यासारखे मात्र खूप होते.

वाचकहो, १९२० साली बाबासाहेबांनी आपल्या पहिल्या पत्राचे नाव ‘मूकनायक’ ठेवले. तेव्हा समाज मुका होता, कारण त्याला बोलू दिले जात नव्हते. आज बोलण्याचे साधन घरात आहे आणि तिकडून कोणीतरी आपले म्हणणे विचारते आहे. आता मुके राहिलो तर दोष कोणाचा? या आठवड्यात आपल्या भागातील रेडिओ केंद्राचा नंबर शोधून काढा, घरातल्या बाईच्या हाती मोबाईल द्या आणि गावच्या पाण्याचा, शाळेचा, दवाखान्याचा एक तरी प्रश्न विचारा. पहिल्यांदा आवाज थोडा कापेल. दुसऱ्यांदा कापणार नाही.